पांढऱ्यावर काळंच कशाला?

घोलवड स्टेशनला उतरून बोर्डीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या सुरू होतात आणि पुढे सुरूच्या बनापलीकडे समुद्र दिसतो. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ वसलेल्या बोर्डी गावात केसांच्या रंगांची जी विविधता आहे, ती एवढ्या लहान वस्तीत सहसा आढळत नाही. इराणातल्या यज्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी इथे वाड्या फुलवल्या. त्यांच्या घरांत जन्मजात तपकिरी केसांची माणसं आजही भेटतात. किनाऱ्यावरच्या मांगेला आणि माच्छी समाजांतल्या पोरांचे केस ऊन आणि खारा वारा खाऊन टोकांकडे तांबूस होतात. आतल्या वारली पाड्यांवर म्हाताऱ्यांची डोकी रुपेरी असतात आणि ती तशी असण्याची कुणाला खंत वाटत नाही.

मग साठीतल्या माणसाच्या डोक्यावर एकाएकी काळाकुट्ट, एकसुरी रंग येतो तो कुठून? किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांशेजारी लटकणाऱ्या माळेतून. तीस-चाळीस रुपयांचं पाकीट, त्यात क्रीम आणि डेव्हलपर, अर्ध्या तासाचं काम. पांढरे केस झाकायचे म्हणजे काळे करायचे, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की दुसरा काही पर्याय असतो हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. केस रंगवावेत की पांढरे ठेवावेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण रंगवायचेच असतील, तर उतारवयातल्या बहुतेक मराठी डोक्यांना काळ्यापेक्षा गडद तपकिरी अधिक शोभतो, मुळं वाढली तरी पटकन उघडा पडत नाही आणि थोडा कमी धोक्याचाही असतो.

शोभतो, याला कारण आहे. कुठल्याही माणसाचे न रंगवलेले केस खिडकीपाशी नेऊन बघावेत. ज्याला आपण काळे म्हणतो त्या बटेत मुळाशी गडद, मध्ये तपकिरी आणि टोकाला लालसर अशा छटा उन्हात वेगवेगळ्या दिसतात. कपाळावरचे आणि कानशिलांवरचे केस मागच्या केसांपेक्षा उजळ असतात. पाकिटातला काळा रंग हे सगळे फरक पुसून टाकतो. शिवाय वयाबरोबर भुवया विरळ होतात, त्वचेचा रंग बदलतो, चेहऱ्यावर रेषा येतात. विशीतल्या चेहऱ्याला साजणारा काळेपणा साठीतल्या चेहऱ्यावर ठेवला की रेषा जास्त उठून दिसतात. वय लपवायला लावलेला रंग वयाकडेच बोट दाखवतो.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे रंग लावल्यावर पंधरा-वीस दिवसांत भांगात पांढरी रेघ डोकावू लागते. काळ्याशेजारी ती चारचौघांत लांबूनही दिसते; तपकिरीशेजारी ती उजेडाच्या तिरिपीसारखी मिसळून जाते. काळा लावणाऱ्याला दर पंधरवड्याला ब्रश हातात घ्यावा लागतो. तपकिरी लावणाऱ्याचं सहा आठवडे निभू शकतं. वर्षाच्या हिशेबात रसायनांशी येणारा संबंध निम्म्याहून कमी झाला.

केस पांढरे होतात म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येक केसाच्या मुळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या रंगपेशी असतात. त्या थकल्या, संपल्या की नवा केस रंगाविना उगवतो. पन्नाशीत निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे होतात, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, जगभरातल्या चार हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत हा ठोकताळा खोटा ठरला. ४५ ते ६५ वयोगटातल्या ७४ टक्के लोकांच्या डोक्यावर थोडेफार पांढरे केस होते खरे, पण पन्नाशीत निम्मं डोकं पांढरं झालेल्यांचं प्रमाण ६ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान निघालं. अर्थ सरळ आहे. पहिली पंधरा-वीस वर्षं बहुतेकांना पांढऱ्याचा नुसता शिडकावा असतो. त्यासाठी आख्खं डोकं काळ्या रंगात बुडवण्याची गरज नाही.

विशीच्या आत-बाहेर केस पांढरे होऊ लागले तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे पंचविशीच्या आधी आलेला पांढरेपणा अकाली धरतात. त्यात घराण्याचा वाटा मोठा असला तरी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार तपासून घ्यावेत. शाकाहारी घरांतल्या मुलामुलींनी तर नक्कीच. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं. मुलाचे केस रुक्ष, विरळ आणि तांबूस दिसले तर दर वेळी दोष उन्हाचा नसतो. आहारातली प्रथिनं दीर्घकाळ कमी पडली की केसांचा रंग उतरतो. अशा मुलाचं वजन अंगणवाडीत वेळेवर झालंय का, हे आधी पाहावं.

केस रंगवणं हा काही आजचा नाद नव्हे. आयुर्वेदात पांढऱ्या केसांना पलित म्हणतात आणि त्यावर माका, त्रिफळा, निळीचा पाला यांचे योग सांगितले आहेत. आवळा लोखंडी कढईत भिजत घालण्याची घरगुती रीतही रसायनशास्त्राला धरून आहे: आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह यांचा संयोग गडद रंग देतो. बोर्डीच्या इराणी कुटुंबांचं मूळ ज्या मुलखात आहे तिथली परंपरा तर याहून थेट. यज्द शहर मेंदी दळण्याच्या जात्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि इराणात आधी मेंदी व नंतर निळीचा पाला लावून केस-दाढी रंगवण्याची पद्धत शतकांपासून चालत आली आहे. मेंदी एकटी लावली तर पांढरा केस केशरी होतो, हे आपल्याकडे कुठल्याही लग्नघरात दिसतं. मेंदीवर नीळ चढली की तोच केशरी तपकिरी होतो, आणि नीळ जास्त झाली की काळ्याकडे झुकतो. तपकिरी रंगाची वाट या भागाला परकी नाही.

आधुनिक डाय आला युरोपातून. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, या पदार्थाचा रंगवण्याचा गुण नोंदवला. पुढे १९०७ मध्ये युजीन शुएलर या फ्रेंच तरुणाने केसांचा रंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. लॉरिअल ही कंपनी त्यातून उभी राहिली. शंभरहून अधिक वर्षं लोटली तरी कायमस्वरूपी रंगाची मूळ पद्धत बदललेली नाही.

ती पद्धत सलूनमधल्या प्लास्टिकच्या वाटीत डोळ्यांनी दिसते. ट्यूबमधून निघणारं क्रीम पांढरट, फार तर पिवळसर असतं. त्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून ब्रशने घोटलं की काही मिनिटांत कडेने जांभळट झाक येते, मग तपकिरी, मग काळपट. हवेत होणारी हीच क्रिया केसाच्या आतही होते. अमोनिया केसाचं वरचं आवरण फुगवतो, रंगाचे बारीक रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. धुतल्यावरही रंग टिकतो तो यामुळे. हाच पेरॉक्साइड केसातला मूळ रंग थोडा उडवतो, म्हणून महिन्याभराने डोक्यावर तांबूस झाक येते. समुद्रावरचं ऊन आणि खारं पाणी ती झाक आणखी वाढवतात.

धोका आहे तो या अर्धवट जोडलेल्या रेणूंचा. पीपीडीची ॲलर्जी ही कुणाच्या नाजूकपणाची गोष्ट नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २००६ साली या पदार्थाला ‘वर्षाचा ॲलर्जन’ म्हणून निवडलं होतं. वर्षानुवर्षं बिनतक्रार डाय लावणाऱ्यालाही एखाद्या दिवशी ती उद्भवू शकते. लावल्या लावल्या काही होत नाही. एक-दोन दिवसांनी कानामागे खाज, कपाळावर पुरळ, मग पापण्या सुजून डोळे बंद, असा तिचा क्रम असतो. एकदा शरीराने पीपीडी ओळखलं की ती ओळख आयुष्यभर राहते. काहींच्या कपाळाच्या कडेला कोडासारखे पांढरे डागही पडतात. रंग जितका गडद, तितकं या पदार्थाचं प्रमाण साधारणपणे जास्त. काळ्याऐवजी तपकिरी निवडण्याचं हे तिसरं कारण, आणि खरं तर पहिलं असायला हवं होतं.

‘अमोनिया फ्री’ लिहिलेल्या खोक्याने पुष्कळांची फसगत होते. अमोनिया नाही म्हणजे वास आणि चुरचुर कमी; पीपीडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्याहून मोठी फसगत ‘काळी मेंदी’ची. मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच. जी मेंदी अर्ध्या तासात केस काळे करते तिच्यात पीपीडी मिसळलेलं असतं, पाकिटावर पानाचं चित्र कितीही हिरवंगार असो. गावात ‘मी डाय लावत नाही, मेंदीच लावतो’ असं सांगणारी कितीतरी भली माणसं महिन्यातून दोनदा डोक्याला हेच रसायन चोळत असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. हे त्यांना सांगितलं गेलं नाही, याचा राग यायलाच हवा.

कायदा याबाबत मुका नाही. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या १९४५च्या नियमावलीत अशा डायवर इशारा छापणं बंधनकारक केलं होतं, आणि तोही इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत, आतल्या व बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर. प्रत्येक वेळी लावण्याआधी कानामागे किंवा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास वाट पाहावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. भुवया आणि पापण्यांना हा रंग लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकतं, हेही त्यातच आहे. प्रत्यक्षात वाटीत उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून भुवयांवर फिरवणारे हात सगळीकडे दिसतात. पाकिटावरचा मजकूर इतक्या बारीक अक्षरांत असतो की ज्या वयात केस पांढरे होतात त्या वयात तो चष्म्याशिवाय वाचता येणं अशक्य.

आणि सलूनमधल्या माणसाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात केशकर्तन व्यवसायातला रसायनांशी येणारा संबंध ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवला. घरी रंग लावणाऱ्यांबाबत मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं. धोक्याच्या जवळ गिऱ्हाइकापेक्षा कारागीर आहे. त्याच्या बोटांना पडलेल्या भेगा आणि नखांखाली मुरलेला काळा रंग ही हातमोज्यांची बचत केल्याची किंमत आहे. गिऱ्हाइकाने खुर्चीत बसताना ‘भाऊ, आधी मोजे घाला’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आता तपकिरी कसा साधायचा ते. खोक्यावर शेडचा नंबर असतो. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिकट तपकिरी. ज्यांचे केस मूळचे काळे होते त्यांनी ३ किंवा ४ घ्यावा, मूळ रंगापेक्षा दोन-तीन पायऱ्या उजळ. बोर्डीच्या इराणी घरांतल्या मूळच्या तपकिरी केसांना ५ जवळचा. दशांश चिन्हानंतरचा आकडा झाक सांगतो; .० म्हणजे नैसर्गिक, .१ म्हणजे राखाडी, .३ सोनेरी, .४ तांब्याची. पांढऱ्या केसांवर रंग नीट बसायला नैसर्गिक शेड लागते. तांबूसपणा लवकर चढत असेल तर त्यात थोडी राखाडी झाक मिसळून घ्यावी. बर्गंडी वगैरे लाल शेड पांढऱ्या केसांवर फार भडक उठतात. नैसर्गिक दिसायचं असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. डेव्हलपर ६ टक्क्यांचा, म्हणजे सलूनच्या भाषेत २० व्हॉल्यूम, पांढरे झाकायला पुरेसा असतो.

खोक्यावरच्या फोटोवर विश्वास ठेवू नये. कंगव्यात अडकलेले किंवा मानेजवळून कापलेले पाच-दहा पांढरे केस चिकटपट्टीने एका टोकाला बांधावेत, त्यांवर कालवलेला रंग लावून ठरलेली मिनिटं ठेवावा, धुवावा आणि सुकल्यावर अंगणात उन्हात नेऊन पाहावा. ट्यूबलाइटखाली तपकिरी दिसणारी बट उन्हात काळी किंवा लाल निघू शकते. दिसला तो रंग खरा, मग डोक्याला हात लावावा.

रंग जिथे पांढरं जास्त तिथून लावायला घ्यावा, म्हणजे कानशिलं, कपाळाची कड, भांग. पुढच्या खेपेला फक्त वाढलेली मुळं रंगवावीत. दर वेळी टोकांपर्यंत रंग ओढला की टोकं एकावर एक थर बसून काळी पडत जातात, आणि वर्षभरात तपकिरी लावणाऱ्याचंही डोकं काळंच दिसायला लागतं. पांढरे एक चतुर्थांशाहून कमी असतील तर कायमस्वरूपी रंगाऐवजी धुण्यागणिक हळूहळू उतरणारा सौम्य रंग घ्यावा. त्याची मुळाशी रेघ पडत नाही. पुरुषांनी तर कानशिलांवरचं थोडं पांढरं मुद्दाम राहू द्यावं. सगळं झाकलेलं डोकं लगेच ओळखू येतं. चिकूच्या सालीचा जो खाकी-तपकिरी रंग आहे, त्यात जसे बारीक उजळ कण असतात, तसं डोकं दिसलं की रंग जमला म्हणावं.

ज्यांना रसायन नको त्यांच्यासाठी शुद्ध मेंदी आणि निळीच्या पाल्याची पूड हा खरा पर्याय आहे. मेंदी काही तास भिजवावी, निळीची पूड मात्र लावण्याआधी पाव तास कोमट पाण्यात कालवावी आणि दोन्ही एकत्र करावं. समप्रमाणात घेतलं तर मध्यम तपकिरी, नीळ दुप्पट घेतली तर गडद तपकिरी. धुतल्यावर केस किंचित हिरवट दिसले तर घाबरू नये. एक-दोन दिवसांत हवेने रंग पक्का होतो. कपड्यांची नीळ मात्र याला चालत नाही, ती वेगळीच वस्तू आहे. आणखी एक सावधगिरी या भागात विशेष महत्त्वाची. पारशी-इराणी समाजात जी-६-पीडी या विकराची कमतरता तुलनेने जास्त आढळते. अशा व्यक्तींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगाला मेंदी लागल्यावर तांबड्या पेशी फुटण्याचे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत. अशांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय मेंदी लावू नये.

हे सगळं वाचून कुणी केस रंगवणंच सोडलं तरी चांगलंच. अभिनेता मिलिंद सोमणचे मीठ-मिरी दाढी-केस ही त्याची ओळख आहे. अभिनेत्री समीरा रेड्डीने पांढरे केस न लपवण्याबद्दल जाहीरपणे लिहिलं तेव्हा अनेक बायकांना धीर आला. पण बाईने पांढरे केस ठेवले की ‘तब्येत बरी नाही का?’ असं विचारणारे शेजारी अजून आहेत, आणि नोकरीच्या मुलाखतीत पंचेचाळिशीचं पांढरं डोकं बाईला जितकं भोवतं तितकं पुरुषाला भोवत नाही. तोवर जिला रंगवायचे आहेत तिला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिला नीट माहिती मात्र मिळायला हवी.

ती देण्याची जबाबदारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उचलावी. ‘मेंदी’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काळ्या पुडीची तपासणी व्हावी, पीपीडी असेल तर ते पुढच्या बाजूला ठळक मराठीत छापलेलं असावं, आणि इशाऱ्याची अक्षरं साठीतल्या डोळ्यांना वाचता येतील एवढी असावीत. बोर्डी-घोलवडसारख्या गावांतल्या सलूनवाल्यांनी सरकारची वाट पाहायचं कारण नाही. गिऱ्हाइकाच्या नावापुढे शेडचा नंबर, डेव्हलपरची ताकद, रंग किती मिनिटं ठेवला आणि कानामागची चाचणी कोणत्या तारखेला केली, एवढं लिहून ठेवायला एक वही पुरते. चाचणी आदल्या दिवशी करावी लागते, म्हणून रंगासाठी येणाऱ्याला एक दिवस आधी बोलवावं.